पाषाण ते नांदे : औषध-संशोधनाची एक वाट

नांदेड नव्हे, नांदे. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील हे गाव नकाशात शोधायला थोडा वेळ लागतो. पुण्यातून पाषाण, मग सूस आणि सूस ओलांडले की नांदे. चांदे हे शेजारचे गाव, त्यामुळे आसपासची मंडळी 'चांदे-नांदे' असे एका दमात म्हणतात. तालुका भातशेतीचा, आंबेमोहोर तांदळासाठी नावाजलेला. मात्र रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत आणि पेटंटांच्या कागदपत्रांत गेली काही वर्षे या गावाचे नाव संशोधकांचा पत्ता म्हणून छापले जाते. याचे कारण ल्युपिन या औषधकंपनीचे संशोधन केंद्र येथे आहे. ते २००१ मध्ये सुरू झाले.

संशोधनातून प्रदेशाची भरभराट होते, हे वाक्य आपण वर्तमानपत्रांत वाचतो आणि मुलांच्या निबंधांतही तपासतो. पण ही भरभराट नेमकी कोणत्या वाटेने येते? प्रयोगशाळा बांधली की पाठोपाठ कारखाना, मग रोजगार, मग समृद्धी, असा सरळ क्रम असतो का? आणि आलेला पैसा प्रयोगशाळेच्या गावातच राहतो का? पाषाण ते नांदे हे अंतर जेमतेम बारा-पंधरा किलोमीटरचे आहे. औषध-संशोधनाला ते तोडायला पन्नास वर्षे लागली. त्या वाटेवर आपण थोडे रेंगाळू.

मुळशी तालुक्याचा आधुनिक अर्थव्यवस्थेशी पहिला मोठा संबंध आला तो पाण्यामुळे. टाटांच्या वीज कंपनीने मुळा व निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतले, तेव्हा जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावे त्याच्याशी कायमची जोडली गेली. धरण झालेच. सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात सोडलेल्या पाण्यावर १९२७ पासून भिऱ्याचे वीजघर चालू लागले आणि वीज मुंबईला गेली. मुळशीने दिले ते जमीन, पाऊस आणि डोंगराची उंची. हे उदाहरण बाजूला ठेवून देऊ, पुढे त्याची गरज पडेल.

पाषाणची प्रयोगशाळा

३ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे भारत प्रजासत्ताक होण्याच्या तेवीस दिवस आधी, पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. 'एनसीएल' हेच नाव पुढे सर्वांच्या तोंडी बसले. पहिले संचालक जेम्स मॅकबेन हे अमेरिकेतील नामवंत रसायनशास्त्रज्ञ होते. १९५७ मध्ये के. वेंकटरामन संचालक झाले. या पदावरचे ते पहिले भारतीय. पदवीच्या सेंद्रिय रसायनशास्त्रात 'बेकर-वेंकटरामन पुनर्रचना' येते, ते हेच वेंकटरामन. ते आले मुंबईच्या माटुंग्यातील रासायनिक तंत्रज्ञान विभागातून. तो विभाग १९३३ मध्ये सुरू झाला, मुख्यतः मुंबईच्या कापडगिरण्यांना रंग व कापड-रसायनांचे जाणकार मिळावेत म्हणून. वेंकटरामन यांच्यानंतरचे संचालक बी. डी. टिळक हेही रंग-रसायनांचे अभ्यासक आणि माटुंग्याचेच. म्हणजे पाषाणच्या प्रयोगशाळेत जी माणसे आली, त्यांना कारखान्याचा वास ओळखीचा होता. आमच्या मते पुढे जे घडले त्यात या गोष्टीचा वाटा इमारत आणि उपकरणे यांच्यापेक्षा मोठा आहे.

कारखाना ओळखीचा असणे म्हणजे काय, हे एका साध्या हिशेबातून वर्गात दाखवता येते. एक लिटरच्या चंबूत एखादी अभिक्रिया उत्तम होते. त्यातून निघणारी उष्णता काचेवाटे बाहेर जाते. आता हीच अभिक्रिया हजार लिटरच्या टाकीत करा. आकार तोच ठेवला तर लांबी-रुंदी-उंची दहापट होते, घनफळ हजारपट होते, पण पृष्ठभाग मात्र शंभरपटच वाढतो. उष्णता निर्माण होते घनफळाच्या प्रमाणात आणि बाहेर पडते पृष्ठभागावाटे. साहजिकच प्रत्येक लिटरच्या वाट्याला आधीच्या एक दशांश पृष्ठभाग येतो. चंबूत शांतपणे चाललेले मिश्रण टाकीत तापते, करपते, प्रसंगी फुटतेही. मोठ्या प्रमाणावर पदार्थ करण्याची रीत बसवणे हे चंबूतील प्रयोगाइतकेच अस्सल संशोधन आहे. एनसीएलमध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या शेजारी रासायनिक अभियंतेही काम करत होते. एल. के. दोराईस्वामी हे १९७८ मध्ये संचालक झाले, तेही रासायनिक अभियंतेच.

याच आवारात १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. यीस्ट, बुरशी, जिवाणू यांचे शुद्ध नमुने तेथे जपले जातात आणि मागणीप्रमाणे कारखान्यांना व महाविद्यालयांना दिले जातात. बियाण्याचे कोठार असावे तसा हा प्रकार आहे.

पिंपरीची माती

पुण्याच्या उत्तरेला पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञान आणि युनिसेफने यंत्रसामग्री देण्यात मदत केली. देशातला सार्वजनिक क्षेत्रातला हा पहिला औषध-कारखाना. येथे पेनिसिलिन बनू लागले. मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवायची, तिला हवा आणि अन्न पुरवायचे, पण परका एकही जंतू आत शिरू द्यायचा नाही, असे हे किण्वनाचे कसबी काम. पिंपरीत ते शिकलेली माणसे पुढे खासगी कारखान्यांतही गेली.

या कारखान्याला स्वतःची संशोधन शाखाही होती. एम. जे. तिरुमलाचार यांनी तेथे मातीतल्या सूक्ष्मजीवांचा शोध चालवला होता. त्यातून १९६१ च्या सुमारास हमायसिन हे बुरशीरोधक प्रतिजैविक मिळाले. ते तयार करणाऱ्या जिवाणूचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! एका गावाचे नाव जीवशास्त्रात गेले. मागोमाग पिकांवरील बुरशीसाठी ऑरिओफंजिन आले. परदेशातून घेतलेल्या तंत्रज्ञानावर उभ्या राहिलेल्या कारखान्याने सात-आठ वर्षांत स्वतःची नवी औषधे शोधावीत, ही लहान गोष्ट नव्हती.

आणि तरीही १९९७ मध्ये हाच कारखाना 'आजारी उद्योग' म्हणून नोंदला गेला. आयात केलेले स्वस्त पेनिसिलिन, सरकारने बांधून दिलेले औषधांचे भाव, जुनी होत गेलेली यंत्रे अशी अनेक कारणे त्यामागे होती. हमायसिनने कारखाना तरला नाही. शोध लागला म्हणजे बाजार मिळाला, असे होत नाही. यशाच्या गोष्टी सांगताना ही पिंपरीची गोष्ट गाळली जाते, म्हणून मुद्दाम येथे सांगितली.

रीत आणि वस्तू

आता थोडे कायद्याकडे वळावे लागेल. विज्ञानाच्या मासिकात कायदा कशाला, असे वाटेल, पण ही वाट त्याच्यातूनच जाते.

स्वातंत्र्यानंतरही भारतात १९११ चा पेटंट कायदा चालू होता. त्यानुसार औषधाच्या रेणूवरच पेटंट मिळे. तोच रेणू तुम्ही निराळ्या रीतीने बनवला, तरी पेटंटधारकाच्या परवानगीवाचून विकता येत नसे. बहुतेक पेटंटे परदेशी कंपन्यांकडे होती आणि औषधे महाग होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये याविषयी सविस्तर अहवाल दिला. त्यावर आधारलेला नवा कायदा १९७० मध्ये संमत झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. या कायद्याने औषधांच्या बाबतीत वस्तूवरचे पेटंट काढून टाकले आणि फक्त रीतीवरचे ठेवले. तेही अर्ज केल्यापासून सात वर्षे किंवा मंजुरीपासून पाच वर्षे, यांतली जी मुदत आधी संपेल तेवढेच.

पुरणपोळीवर मालकी सांगता येणार नाही, मात्र तुमच्या पुरणपोळीच्या कृतीवर सांगता येईल, असा हा फरक. मग दुसऱ्याने काय करायचे? स्वतःची कृती शोधायची. एका ओळीच्या या बदलाने एनसीएलसारख्या प्रयोगशाळेत साठलेल्या कौशल्याला एकाएकी गिऱ्हाईक मिळाले.

सदाफुली

याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या अंगणातले आहे. सदाफुली मूळची मादागास्करची, पण आता आपल्याकडे ती कुंपणाकडेला, नाल्याकडेला कोठेही उगवते. अनेक देशांत तिच्या पानांचा काढा मधुमेहावर देण्याची रीत होती. कॅनडातील रॉबर्ट नोबल यांच्याकडे जमैकातून अशी पाने आली. नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी अर्क काढून उंदरांना दिला. रक्तातील साखर काही उतरेना, पण पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने कमी झालेल्या दिसल्या. प्रयोग फसला म्हणून त्यांनी तो सोडून दिला असता तर? त्यांनी उलट विचार केला: रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात, मग हा अर्क तेथे का लावू नये? १९५८ मध्ये विनब्लास्टिन जाहीर झाले. त्याचाच जवळचा भाऊ विनक्रिस्टिन पुढे लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर मोलाचा ठरला.

अडचण अशी की पानांत ही द्रव्ये अत्यल्प असतात. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून हाती येते ते ग्रॅमच्या हिशेबात, आणि त्याबरोबर असतात इतर कितीतरी अल्कलॉइडे. त्यांतून नेमके हवे ते वेगळे काढायचे. विनक्रिस्टिन तर विनब्लास्टिनपेक्षाही कमी असते. मात्र दोघांत फरक अगदी थोडा आहे. एका नायट्रोजन अणूला विनब्लास्टिनमध्ये मेथिल गट जोडलेला असतो, विनक्रिस्टिनमध्ये त्या जागी फॉर्मिल गट असतो. म्हणजे खूप थंड ठेवून, जपून ऑक्सिडीकरण केले तर मुबलक भावापासून दुर्मिळ भाऊ मिळवता येतो. बाकीच्या अवाढव्य रेणूला धक्का न लावता केवळ तेवढाच एक कोपरा बदलायचा, यात सगळे कसब आहे.

सदाफुलीची पाने भारतातून परदेशी जात आणि औषध महाग होऊन परत येई. एनसीएलमध्ये ए. व्ही. रामाराव यांच्या गटाने ही औषधे बनवण्याची रीत बसवली आणि १९८० च्या दशकात मुंबईच्या सिप्ला कंपनीने ती घेऊन उत्पादन सुरू केले. पाने आपली होतीच, आता रीतही आपली झाली.

चिंच आणि क्षय

दुसरे उदाहरण आपल्याला नांद्याच्या वाटेला लावते. देशबंधू गुप्ता हे पिलानीला रसायनशास्त्र शिकवत. नंतर मुंबईला येऊन त्यांनी १९६८ मध्ये अगदी थोड्या भांडवलावर ल्युपिन कंपनी काढली. (ल्युपिन हे एका शेंगवर्गीय फुलझाडाचे नाव. त्याच्या मुळांवरच्या गाठींत नायट्रोजन बांधला जातो आणि नापीक जमीनही सुधारते. शिक्षकाने ठेवलेले नाव, हे लगेच कळते!) कंपनीने क्षयरोगावरची औषधे निवडली. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात असतो, पण ते बहुतांशी गरीब असल्याने मोठ्या कंपन्यांना या औषधांत फारसा रस नव्हता.

यांतले एक औषध एथॅम्ब्युटॉल. ते १९६१ मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत सापडले. त्याचा रेणू लहान आहे, पण त्यात डावे-उजवेपण आहे. आपले दोन हात एकमेकांची आरशातील प्रतिमा असतात, तरी उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही. रेणूंचेही तसेच. एथॅम्ब्युटॉलचे एक रूप क्षयाच्या जंतूंना रोखते, आरशातल्या रूपाचा त्यांच्यावर जवळजवळ परिणाम होत नाही. आणि साध्या रीतीने कच्चा माल, म्हणजे अमिनोब्युटॅनॉल बनवले तर दोन्ही रूपे सारखीच तयार होतात.

ती वेगळी कशी करायची? दोघांचे वजन, उत्कलनबिंदू, विद्राव्यता सगळे सारखे. येथे कामाला येते टार्टारिक आम्ल, तेच जे चिंचेत भरपूर असते. निसर्गात ते एकाच हाताचे मिळते. ते डाव्या आणि उजव्या रूपाशी जोडले गेले की होणारे दोन क्षार मात्र आरशातल्या प्रतिमा राहत नाहीत. त्यांची विद्राव्यता वेगळी होते. एकाचे स्फटिक आधी खाली बसतात आणि दुसरा द्रावणात राहतो. स्फटिक गाळून घेतले की हवे ते रूप हाती आले. त्याचे दोन रेणू एथिलीन डायक्लोराइडच्या मदतीने जोडले की एथॅम्ब्युटॉल तयार.

पाठ्यपुस्तक येथे थांबते, कारखान्याचा प्रश्न येथे सुरू होतो. उरलेल्या निम्म्या मालाचे काय? टार्टारिक आम्ल परत किती मिळवता येते? द्रावक किती वेळा वापरता येतो? औषध स्वस्त होणार की नाही, हे या उष्ट्या-उरल्याच्या हिशेबावर ठरते. ल्युपिनने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एथॅम्ब्युटॉलचे उत्पादन सुरू केले. पुढे किण्वनाने मिळणारे रिफॅम्पिसिनही घेतले आणि क्षयरोगावरील औषधांच्या जगातील सर्वांत मोठ्या उत्पादकांत तिची गणना होऊ लागली.

नांदे

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि भारताने औषधांच्या रेणूवरचे पेटंट पुन्हा मान्य करायचे कबूल केले. त्यासाठी दहा वर्षांची मुदत मिळाली. १ जानेवारी २००५ पासून नवीन नियम लागू झाला. म्हणजे ज्या रीत-संशोधनावर हा उद्योग वाढला होता, त्याचे क्षेत्र आक्रसणार हे दहा वर्षे आधीच ठाऊक झाले होते. नव्या औषधाची नुसती वेगळी कृती आता चालणार नव्हती. पेटंट संपलेली औषधे अधिक चांगल्या रीतीने बनवून परदेशी विकायची, किंवा स्वतः नवा रेणू शोधायचा, हे दोनच मार्ग उरले. दोन्हीसाठी मोठी प्रयोगशाळा हवी.

नांद्याचे केंद्र २००१ मध्ये सुरू झाले ते या मधल्या काळात. कंपनी मुंबईची, तिचे कारखाने छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद), तारापूर, अंकलेश्वर अशा ठिकाणी. मग प्रयोगशाळा मुळशीत का? पुण्याजवळ तुलनेने स्वस्त जमीन, मुंबई हाकेच्या अंतरावर, ही कारणे उघड आहेत. पण बारा-पंधरा किलोमीटरवर पन्नास वर्षे रसायनशास्त्राचे डॉक्टर घडवणारी प्रयोगशाळा आणि विद्यापीठ आहे, हे कारण आम्हाला अधिक वजनदार वाटते. यंत्रे विकत आणता येतात. विनब्लास्टिनचा एक कोपरा बदलण्याचा हात तयार व्हायला मात्र एक पिढी जाते.

नव्या रेणूचे फळ यायला वेळ लागला. डिसेंबर २०१८ मध्ये ल्युपिनने आपल्या संशोधन गटाने शोधलेले एमएएलटी-१ प्रथिनाला रोखणारे रेणू अमेरिकेच्या ॲबव्ही कंपनीला दिले. हे प्रथिन लिंफ पेशींमध्ये वाढीचा संदेश पुढे पोचवते, आणि काही रक्तकर्करोगांत तो संदेश थांबतच नाही. सुरुवातीची रक्कम ३ कोटी डॉलर आणि पुढच्या टप्प्यांच्या अटी पूर्ण झाल्या तर एकूण ९४.७ कोटी डॉलरपर्यंत. २०१९ मध्ये जर्मनीच्या बोरिंजर इंगेलहाइम कंपनीशी दुसरा करार झाला, सुरुवातीची रक्कम २ कोटी डॉलर. वर्तमानपत्रे मोठे आकडे छापतात, पण हातात पडते ती पहिली रक्कम. बाकीची प्रत्येक चाचणी यशस्वी झाली तर मिळते आणि बहुतेक रेणू मध्येच गळतात. केंद्र सुरू झाल्यापासून पहिल्या अशा कराराला सतरा वर्षे लागली, हा आकडा आम्हाला डॉलरांपेक्षा बोलका वाटतो.

कमाई कोठे जाते?

आता मुळशीच्या पाण्याचे उदाहरण परत घेऊ. तेव्हा वीज मुंबईला गेली. ज्ञानाचे काय होते? एनसीएलमध्ये १९९० च्या सुमारास रघुनाथ माशेलकर यांच्या गटाने पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक बनवण्याच्या रीतीवर अमेरिकी पेटंटे मिळवली. या प्लॅस्टिकच्या बाजारातली मोठी कंपनी जनरल इलेक्ट्रिक स्वतःहून करार करायला आली. भारतात असे डोके आहे तर आपणच येथे प्रयोगशाळा का काढू नये, असे त्या कंपनीला वाटले, आणि २००० मध्ये तिने ती काढली, बंगळूरला! पुण्याच्या ज्ञानाने बंगळूरला रोजगार दिला.

नांद्यातही तसेच. रेणू येथे जन्मतो, कारखाना दुसरीकडे, मुख्य कार्यालय मुंबईत, चाचण्या परदेशात. केंद्रात काम करणारे एम.एस्सी., पीएच.डी. झालेले लोक देशभरातून येतात. गावाच्या वाट्याला येतात जमिनीचे भाव, भाड्याच्या खोल्या, वाहनांचे धंदे, सुरक्षा आणि उपाहारगृहातील नोकऱ्या. हे थोडे आहे असे नाही, पण ते संशोधनाचे फळ म्हणावे की शहर वाढल्याचे, हे सांगणे कठीण. सूस तर २०२१ मध्ये पुणे महापालिकेतच गेले. प्रदेशात जे खरोखर मुरते ते माणसांच्या हातांतले कसब, आणि ते एका कंपनीतून दुसरीत, प्रयोगशाळेतून नव्या उद्योगात जात राहते. मुळेच्या खोऱ्यातच हिंजवडी येथे जिनोव्हा कंपनीने बनवलेल्या एम-आरएनए प्रकारच्या कोविड लशीला जून २०२२ मध्ये परवानगी मिळाली. देशातली त्या प्रकारची ती पहिली लस.

याच तालुक्यात उरवडे येथे प्राज कंपनीचे संशोधन केंद्र आहे. प्रमोद चौधरी यांनी १९८३ मध्ये पुण्यात ही कंपनी सुरू केली. शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्याचे तिचे तंत्र हरियाणात पानिपतच्या कारखान्यात वापरले आहे. १० ऑगस्ट २०२२ रोजी सुरू झालेला हा कारखाना वर्षाला सुमारे २ लाख टन भाताचा पेंढा घेऊन सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल बनवील, असा अंदाज होता. पेंढ्याचे पैसे तेथील शेतकऱ्यांना मिळतात, कारण एकाच जागी इतका पेंढा तेथेच गोळा होऊ शकतो. मुळशीच्या डोंगरउतारावरची भातखाचरे लहान, विखुरलेली. त्यांचा पेंढा गोठ्यातल्या जनावरांनाच लागतो.